कॉलेजात दिव्यांग सवलती: कुठे, कधी आणि कशा मागायच्या

बारावीपर्यंत एक बरं असतं. शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज बोर्डाकडे प्रस्ताव पाठवतं, विभागीय मंडळाची मंजुरी येते, रायटर (आपण सांगू ते पेपरात लिहिणारा लेखनिक) आणि जादा वेळ मिळतो. धावपळ आई-वडील आणि वर्गशिक्षक करतात. एफवायला प्रवेश घेतला की ही साखळी तुटते. बोर्डाची मंजुरी विद्यापीठाला आपोआप कळत नाही, कॉलेज आपणहून विचारत नाही, आणि हॉल तिकिटं वाटायला लागली की खिडकीवर कोणीतरी उभं असतं: "मॅडम, मला रायटर मिळतो ना?" तोवर परीक्षा विभागाची मुदत उलटलेली असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात नव्यानं येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. (गोव्यातल्या मुलांना कायदा हाच लागू आहे, आयुक्त कार्यालय मात्र गोव्याचं.) माझं एक मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे 'सवलत' म्हटलं की सगळ्यांना फक्त रायटर आठवतो. परीक्षा वर्षातून चार-सहा आठवडे असतात. उरलेलं वर्ष वर्गात, लायब्ररीत, प्रयोगशाळेत आणि जिन्यांवर जातं, आणि तिथलं काही न मागताच अनेक जण टीवायपर्यंत पोहोचतात. म्हणून मागणी पूर्ण वर्षाची करा आणि ती प्रवेशाच्याच महिन्यात करा.

आपण यात बसतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेलसुद्धा त्या यादीत आहेत. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलची मुलं कॉलेजात येतात. महिन्यातून काही दिवस अंगदुखीनं अंथरुणाला खिळतात आणि हजेरी कमी पडली म्हणून बोलणी खातात. आपला आजार या कायद्यात येतो हे त्यांना अनेकदा कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा गोंधळ ४० टक्क्यांचा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधल्या किमान ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट यांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. शिकताना आणि परीक्षेत लागणाऱ्या सोयींसाठी मात्र हा आकडा दारावरचा पहारेकरी नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि ४० टक्क्यांची अट दाखवून त्याला रायटर नाकारला गेला होता. न्यायालयाच्या सांगण्यानुसार केंद्र सरकारनं १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार खटल्यातही न्यायालयानं तीच भूमिका पुढे नेली. तेव्हा ऑफिसात कोणी "चाळीस नाहीत ना, मग काही मिळणार नाही" म्हणालं, तर शांतपणे विचारा: "कुठल्या परिपत्रकात आहे, मॅडम? मला प्रत मिळेल का?"

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं केंद्र सरकारचं ओळखपत्र. हा भाग कंटाळवाणा आहे, पण याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. सोबत आजवरचे सगळे डॉक्टरी कागद ठेवा. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी ते बहुतेक वेळा सिव्हिल हॉस्पिटल असतं. तिथलं दिव्यांग बोर्ड ठरावीक वारी बसतं. प्रत्येक प्रकारचा तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही, विशेषतः मनोविकार आणि अध्ययन अक्षमता यांच्यासाठी. म्हणून आधी फोन करून किंवा कोणाला तरी पाठवून वार आणि तज्ज्ञ दोन्ही विचारून घ्या. सकाळची पहिली एसटी पकडून गेलात आणि खिडकीवर "कानाचे डॉक्टर आज नाहीत" असं ऐकायला मिळालं, तर दिवस आणि भाडं दोन्ही वाया.

तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र आणि १८ आकडी यूडीआयडी क्रमांक मिळतो. कार्ड टपालानं येतं, पण पोर्टलवरून ई-कार्ड डाउनलोड करता येतं आणि कॉलेजला तेवढं चालायला हवं. ४० टक्क्यांपेक्षा कमी असलं तरी कार्ड मिळतं, त्यावर पांढरा पट्टा असतो. ४० च्या वर पिवळा आणि ८० पासून निळा.

दोन गोष्टी आत्ताच तपासा. प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं? तात्पुरतं असेल तर त्यावर वैधतेची तारीख असते आणि ती नेमकी सेमिस्टरच्या मध्ये येते. दुसरी गोष्ट अध्ययन अक्षमतेच्या मुलांसाठी. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार ही तपासणी १४ व्या आणि पुन्हा १८ व्या वर्षी करावी लागते. १८ व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र पुढे कायम चालतं. दहावीचं जुनं प्रमाणपत्र घेऊन एफवायला आलेली मुलं नेमकी इथे अडकतात. अठरा पूर्ण झाली की लगेच नंबर लावा, कारण अशा चाचण्यांची यादी लांब असते.

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं मध्यंतरी गाजली, त्यामुळे हल्ली कागद बारकाईनं पाहिले जातात. पाहू द्या. पण "दिसायला तर चांगले दिसता" हे वाक्य म्हणजे पडताळणी नव्हे. त्याला उत्तर देण्याची गरजही नाही.

काय मागायचं, ते आधी घरी ठरवा

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा इथेच. मुलं लिहितात, "मी दिव्यांग आहे, तरी मला सहकार्य करावे ही विनंती." प्राचार्य त्यावर 'योग्य ती कार्यवाही' असा शेरा मारतात आणि कागद फाइलला लागतो. कारण करायचं काय, हे कोणालाच कळलेलं नसतं.

एक वही घ्या आणि कॉलेजचा एक आख्खा दिवस लिहून काढा. गेटपासून सुरुवात. वर्ग कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे, पण ती फक्त स्टाफसाठी आहे का? फळा दिसतो का? सर फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा ओठ वाचता येतात का? डिक्टेशन चालू असताना हात किती वेळानं दुखायला लागतो? स्वच्छतागृह वापरता येण्यासारखं आहे का? शेवटचा प्रश्न लिहायला लाज वाटते, पण कमोड नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आहेत. हे लिहायलाच हवं.

मग प्रत्येक अडचणीसमोर एक मागणी लिहा, आणि ती अशी लिहा की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता यावं. 'वर्ग सोयीचा असावा' याऐवजी 'एफवायबीए, ब तुकडीची सर्व व्याख्यानं तळमजल्यावरच्या खोलीत ठेवावीत'. वर्ग खाली आणणं ही सगळ्यात स्वस्त सोय आहे. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्या सरांनी पंधरा मिनिटं बसायचं असतं. पण वेळापत्रक एकदा नोटीस बोर्डावर लागलं की ते बदलायला कोणी तयार होत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, प्रवेशाच्याच महिन्यात.

निदान किती सांगायचं, हे तुमच्या हातात आहे. विशेषतः मानसिक आजार असेल तर सगळा इतिहास प्रत्येक शिक्षकापुढे मांडायची गरज नाही. प्रमाणपत्र ऑफिसला द्या, आणि शिक्षकांकडे फक्त कॉलेजनं मंजूर केलेल्या सोयींचं पत्र जाऊ द्या. त्यात आजाराचं नाव नसलं तरी काम होतं.

अर्ज

नमुना देतो. अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थिनीचा धरला आहे. आपल्या गरजेप्रमाणे मुद्दे बदला.

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव व गाव)

विषय: दिव्यांग विद्यार्थिनी म्हणून आवश्यक शैक्षणिक व परीक्षाविषयक सोयी मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

मी प्रथम वर्ष कला शाखेत शिकत असून माझा प्रवेश क्रमांक ____ आहे. मला अल्पदृष्टी असून दिव्यांग प्रमाणपत्राची व यूडीआयडी कार्डाची स्वसाक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. फळ्यावरील मजकूर व लहान छापील अक्षरे मला वाचता येत नाहीत. त्यामुळे वाचन व लेखनाला मला जास्त वेळ लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ व १७ नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.

१. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ येईल अशी जागा.
२. व्याख्यानातील सादरीकरणे व टिपणे युनिकोड मजकुराच्या फाइलमध्ये, शक्यतो व्याख्यानाआधी.
३. व्याख्यान मोबाइलवर ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी, केवळ माझ्या अभ्यासासाठी.
४. ग्रंथालयातील पुस्तके दुप्पट मुदतीसाठी.
५. अंतर्गत, प्रात्यक्षिक व सत्र अशा सर्व परीक्षांत मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका, लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटे वाढीव वेळ.

मुद्दा ५ बाबतचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठवावा. निर्णय मला लेखी कळवावा.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल, तारीख)

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची: आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, मॅडमना दाखवते." गोड बोलून पोच घेऊनच निघा. पुढे कधी वाद झालाच, तर 'आमच्याकडे अर्जच आला नाही' या वाक्याला ती शिक्क्याची प्रत एवढंच उत्तर असतं. त्याच दिवशी अर्जाचा फोटो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवून ठेवा.

कॉलेजात किंवा विद्यापीठात सोयींच्या अशा मागण्या पाहणारा समान संधी कक्ष असतो. काही ठिकाणी तो खरोखर चालतो, काही ठिकाणी तो एका प्राध्यापकांच्या नावाची पाटी असतो. दोन्ही परिस्थितींत अर्जाची एक प्रत तिथे द्या. त्या प्राध्यापकांना भेटून बोलल्यानं कधीकधी अर्जापेक्षा लवकर काम होतं. मात्र तोंडी जे ठरलं, ते संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवा: "सर, आज ठरल्याप्रमाणे सोमवारपासून आमचा वर्ग खोली क्रमांक ४ मध्ये भरेल, असं मी समजते."

वर्ग आणि वाचन

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मागण्याचा हक्क आहे, पण छोट्या गावात तो मिळणं अवघड, हे मान्य करू. तोवर लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखं मोफत अॅप मराठी बोलणं बऱ्यापैकी अक्षरांत उतरवतं. त्यासाठी मोबाइल सरांच्या टेबलावर ठेवायची परवानगी लागते, तेवढी अर्जात घाला. गटचर्चेत एकाच वेळी चार जण बोलले की अॅप कोलमडतं. तिथे एकानं बोलून झाल्यावरच दुसऱ्यानं बोलायचं, हा नियम वर्गात सांगून ठेवावा लागतो.

अंध विद्यार्थ्यांची खरी लढाई मजकुराशी असते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) मोफत आहे, मराठी वाचतो. पण आपल्या प्राध्यापकांच्या नोट्स बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, संगणकाला मात्र ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. स्क्रीन रीडर 'ज्ञानेश्वरी'च्या जागी निरर्थक अक्षरं घडाघडा वाचत सुटतो. त्यात वाईट काय, तर सरांना वाटतं, "मी तर सॉफ्ट कॉपी दिली होती." म्हणून मागताना 'सॉफ्ट कॉपी' नका म्हणू, 'युनिकोड फाइल' म्हणा, म्हणजे जिच्यातली अक्षरं संगणकालाही मराठीच दिसतात अशी फाइल. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. हे काम वर्गातला कोणीही मित्र पाच मिनिटांत करून देतो. झेरॉक्सवरून स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर गूगल ड्राइव्हमधून तिचा मजकूर काढता येतो. जोडाक्षरांत चुका राहतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही २०१६ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना तिथे सुगम स्वरूपातली पुस्तकं मिळतात. हवं ते पुस्तक तिथे नसेल, तर ते स्कॅन करून वाचनीय करून घेणं कायदेशीर आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली तशी दुरुस्तीच झाली आहे. ग्रंथपाल 'कॉपीराइट आहे' म्हणून नको म्हणाले, तर त्यांना कलम ५२ मधली दिव्यांग व्यक्तींसाठीची तरतूद दाखवा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे. कॉलेजनं कसली सोय उभी करावी, याचा नमुना म्हणून प्राचार्यांना त्याचं नाव सांगता येतं.

हजेरीचं काय? सिकल सेल, हिमोफिलिया, मानसिक आजार किंवा नियमित फिजिओथेरपी यांमुळे दिवस बुडणार असतील, तर ते बुडण्याआधी लिहून द्या. प्रत्येक गैरहजेरीचा डॉक्टरी कागद त्याच आठवड्यात जमा करा. सेमिस्टर संपताना एकदम बारा कागद नेऊन ठेवले की सगळ्यांच्याच भुवया उंचावतात.

परीक्षा: रायटर आणि वाढीव वेळ

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना हा इथला मूळ कागद. विद्यापीठांची परिपत्रकं साधारण त्याच धर्तीवर असतात, पण तपशील बदलतो. काही ठिकाणी ग्रेस गुणांचीही तरतूद असते. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं सध्याचं परिपत्रक मिळवा, छापून फाइलला लावा. स्पर्धा परीक्षांचे रायटरविषयीचे नियम वेगळे आहेत आणि बदलत आहेत. त्यांचं त्या-त्या जाहिरातीत वाचा, कॉलेजच्या अनुभवावर विसंबू नका.

वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं, दोन तासांच्या पेपरला ४०. रायटर घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. इंटर्नलमध्ये मात्र हमखास विसरला जातो, कारण ती परीक्षा कॉलेज आपल्या पातळीवर उरकतं. अर्जात 'अंतर्गत' हा शब्द घातला होता, तो यासाठीच.

वेळापत्रक हातात पडलं की लगेच बघा, दोन पेपर एकाच दिवशी आहेत का. सकाळचा पेपर साडेदहा ते दीड असेल, तर तुमचा अडीचला संपतो. दुपारचं सत्र अडीचलाच सुरू होत असेल, तर पाणी प्यायलाही वेळ नाही. अशा वेळी दुपारची वेळ पुढे सरकवायची विनंती लगेच करायची. दुपारचा पेपर संपायला साडेसहा-सात वाजणार असतील, तर गावाकडची शेवटची एसटी किती वाजता, हेही आधीच बघा.

रायटर तुम्ही स्वतः आणू शकता किंवा कॉलेजकडे मागू शकता. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला रायटर तुमच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा लागतो. टीवायच्या विद्यार्थ्याला बारावीची किंवा एफवायची मुलगी चालेल, एमएची मावशी नाही. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांच्या पेपरला, वेगळा रायटर घेता येतो. रायटरचं ओळखपत्र, शेवटची गुणपत्रिका, फोटो आणि आधारची प्रत आधीच जमा करा. कॉलेजनं रायटर दिला असेल, तर पेपरच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची सोय त्या सूचनांत आहे, ती वापरा. आणि एक पर्यायी नाव तयार ठेवा. ऐन दिवशी रायटरला ताप येतोच. एनएसएसच्या सरांकडे ज्युनिअर कॉलेजातली तयार मुलं असतात, त्यांना ऑगस्टमध्येच सांगून ठेवलेलं बरं.

रायटर मिळाल्यावर एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तास-दीड तास सराव करा. हा सल्ला जवळजवळ कोणीच पाळत नाही. सांगून लिहून घेणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. मनात वाक्य पूर्ण तयार करायचं, मग सावकाश सांगायचं, लेखणी थांबली की पुढचं. परिच्छेद कुठे, मथळ्याखाली रेघ कुठे, हे बोलून सांगावं लागतं. अकाउंट्सचा पेपर असेल तर दोघांची भाषा आधी ठरवा: "डेबिट बाजू, तिसरी ओळ, तपशील, यंत्रसामग्री, रक्कम, चाळीस हजार." तशी ठरवली नाही, तर पेपरात पंधरा मिनिटं नुसती 'कुठे लिहू?' यात जातात. इतिहासातली नावं आणि इंग्रजी संज्ञा अक्षर-अक्षर सांगा. दर पानानंतर रायटरकडून शेवटच्या दोन ओळी वाचून घ्या. प्रश्न वाचताना बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय त्यानं दोनदा वाचायचे, हेही आधी ठरवा. रायटरनं उत्तर सुचवायचं नाही, भुवया उंचावूनसुद्धा नाही. पर्यवेक्षकाला शंका आली, तर तुमचाच पेपर धोक्यात येतो.

रायटर नको असेल तर संगणकावर टाइप करून, ब्रेलमध्ये किंवा मोठ्या अक्षरांच्या प्रश्नपत्रिकेवर पेपर देण्याचा पर्यायही २०१८ च्या सूचनांत आहे. ज्यांना टायपिंग येतं, त्यांनी निदान इंटर्नलला तो मागून पाहावा. उत्तरपत्रिकेतले शब्द आपल्याच हातचे असण्याचं सुख वेगळं असतं. संगणक आदल्या दिवशी तपासायला मागा: मराठी कीबोर्ड कोणता आहे, स्क्रीन रीडर चालतो का.

पेपरच्या दिवशी मंजुरीपत्राची प्रत पाऊचमध्ये ठेवा. पर्यवेक्षक बदलतात आणि प्रत्येकाला सांगितलेलं असतंच असं नाही. सुरुवातीलाच सांगा: "सर, माझा पेपर अडीचला संपतो, हे पत्र." बाकीची मुलं दीडला उठतात, बाकं सरकतात, शिपाई खिडक्या लावायला येतो, आणि त्या गडबडीत अनेक जण हक्काची शेवटची तीस मिनिटं सोडून पेपर देऊन टाकतात. वेगळी खोली मागायची ती यासाठी. खोली तळमजल्यावर हवी हेही पत्रात असू द्या.

हात मोडला किंवा ऑपरेशन झालं, अशी तात्पुरती अडचण असेल, तर यूडीआयडी लागत नाही. बहुतेक विद्यापीठं सरकारी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर रायटर देतात. त्याच दिवशी कॉलेजला कळवा.

पैशांचं थोडक्यात

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला ४० टक्के लागतात. तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेला एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) सक्षम शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार रुपये. एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्या सहसा चालत नाहीत, म्हणून आकडे बघून एक निवडा. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

अडलं तर

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच अर्जाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. त्यालाही पोच. परीक्षेचा प्रश्न असेल तर प्राचार्यांना प्रत ठेवून थेट विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना लिहा. फाइल कुठे अडली हे कळत नसेल, तर विद्यापीठाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइलवरील नोंदींच्या प्रती द्याव्यात.' उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. बऱ्याचदा उत्तर येण्याआधी फाइलच हलते.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. एवढा धीर धरण्याइतका वेळ नसेल, पेपर तोंडावर असेल, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करा. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात: अर्ज कधी दिला, स्मरणपत्र कधी, कोण काय म्हणालं, पेपर कधी आहे. सगळ्या पोचप्रती जोडा. पहिल्या ओळीतच लिहा की परीक्षा अमुक तारखेला आहे आणि त्याआधी निर्देश हवेत.

कोर्टापर्यंत जायची वेळ आलीच, तर वकिलाच्या फीचा विचार करून मागे फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दिव्यांग प्रमाणपत्र, आधार आणि तीच पोचप्रतींची फाइल घेऊन जा.